अण्णांच्या पानातला कुंदा

प्रिय अण्णा,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. आईने दूध आटवायला ठेवलंय आणि मला स्वयंपाकघरातून हाकललंय. "काय लिहायचं ते लिहीत बस जा, पण इथं तोंड उघडू नको," म्हणाली. म्हणून लिहायला बसले. आणि लिहिणार तरी कुणाला? ज्यांच्याशी भांडण अर्धं राहिलं, त्यांनाच!

कुंदा होतोय, अण्णा. आपल्या बेळगावसारखा, चांगला लालसर परतलेला. गेलेल्या माणसाच्या आवडीचं त्याच्या पानात वाढायचं आणि मग घरच्यांनीही तेच जेवायचं, ही आपली रीत. तुमच्या पानाबद्दल माझी तक्रार नाही. आता तुमची साखर कोण तपासणार? पण शेजारच्या पाटावर सुनील बसणार आहे.

परवा तुमच्या लेकाचा साखरेचा रिपोर्ट आला. "ताई, जरा बॉर्डरला आहे, एवढंच!" अगदी तुमचं वाक्य, तुमच्याच सुरात. तुमचं नाक घेतलं, फेंगडी चाल घेतली, ते ठीक. पण हे वाक्यही घ्यायचं? यशवंतपूरच्या गोदामात दिवसभर उभ्या उभ्या बन आणि गोड चहा, आणि घरी आला की "एक दिवस खाल्लं तर काय होतंय?" त्याचा एक दिवस रोज उगवतो.

तुम्हीही असेच होतात ना? मी डायलिसिस विभागातून ड्युटी संपवून यायची, तर तुम्ही फडताळातल्या गोडाच्या डब्यात हात घालून उभे. मी बोलायला लागले की हात वर करून म्हणायचात, "सरी, सरी." बरं, ठीक आहे, विषय संपला! बेळगाव सोडून आल्यावर कन्नडमधल्या या एका शब्दावर तुम्ही इथे राजाजीनगरात उभा जन्म काढलात. रिक्षावाल्याला सरी, घरमालकाला सरी, लेकीला सरी. केवढा राग यायचा मला!

मग एक दिवस माझ्याच विभागात, खिडकीजवळच्या खुर्चीत, तुम्ही पेशंट म्हणून येऊन बसलात. सुई मीच लावली. तुम्ही म्हणालात, "शैलू, दुखलं नाही बघ." ते वाक्य मला अजून सहन होत नाही. तेव्हा तरी चिडायचं होतं माझ्यावर!

आणि तो शहाळ्याचा दिवस. समोरच्या जयम्मा अक्का हौसेने एळनीर घेऊन आल्या. "स्वल्प कुडीरी अण्णा, तंपु आगत्ते." थोडं प्या, थंडावा मिळेल. या गावात आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, शहाळं घेऊनच जातात. पण किडन्या थकलेल्या माणसाच्या अंगात त्यातलं पोटॅशियम साचतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो, हे अक्कांना कोण सांगणार? मी ड्युटीवर, आईने दुसरा पेला भरून दिला. संध्याकाळी आपण इमर्जन्सीत. त्या वेळी तुम्ही वाचलात. बाहेरच्या बाकावर देवाचा धावा करत कोण बसलं होतं ठाऊक आहे? जयम्मा अक्का!

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. आम्ही आहाराचा कागद देतो, पण माणूस मशीनला जोडल्यावर. त्याच्या आधीची इतकी वर्षं तो कुठे असतो? घरातच असतो. जेवत असतो, जागत असतो, "बॉर्डरला आहे" म्हणत असतो. तिथे आमच्यातलं कुणीच नसतं.

म्हणून शुक्रवारी राजीनामा दिला, अण्णा. आईला अजून सांगितलेलं नाही. आहारशास्त्राचा कोर्स झालाय. जे. पी. नगरच्या एका लहान दवाखान्यात, साखर नुकती वाढू लागलेल्या माणसांबरोबर काम करायचं आहे. त्यांचं जेवण, चालणं, झोप, डोक्यातली काळजी, सगळं बघायचं. गोळ्या सोडा आणि मेथीचं पाणी प्या, असलं मी सांगणार नाही. गोळ्यांशी माझं वैर नाही. आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "शैला, सुईला तुझ्यासारखा हात नाही कुणाचा. आता भाज्या शिजवायला शिकवणार?" हो म्हणाले आणि जिन्यात येऊन रडले. मी पळ तर काढत नाही ना? विभागातल्या खुर्च्या तर भरलेल्याच आहेत. सांगा ना, अण्णा!

अक्कांना त्या दिवसाबद्दल मी कधीच बोलणार नाही. पण त्या दवाखान्यात मी आहाराचे वर्ग घेईन, त्यातल्या पहिल्या वर्गात, पहिल्या रांगेत त्याच बसलेल्या हव्यात.

आता तुपाचा वास इथवर आलाय. मलाही कुंदा आवडतो हो! उद्या तुमच्या पानात वाटीभर वाढेन, वर काजू घालून. सुनीलच्या पानात एक चमचा. आई डोळे वटारेल, "आजच्या दिवशी तरी तुझं हॉस्पिटल काढू नको की गे!" मी काढणार. जेवण झालं की त्याला चालायला नेणार आणि सगळं सांगणार, तुमच्या खुर्चीसकट.

तो त्या खुर्चीत कधीच बसणार नाही, असं वचन मी देत नाही. मी नर्स आहे, असली वचनं आम्हाला देता येत नाहीत. पण एवढं नक्की देते. तो हात वर करून "सरी ताई, सरी" म्हणेल. तुमच्याशी माझं बोलणं तिथे संपायचं. त्याच्याशी तिथून सुरू होईल.

तुमची भांडखोर,
शैलू