दोषमुक्तीचा अर्ज मीच लिहिला

३ डिसेंबर, सकाळ
ठरलं. केस मीच चालवणार. वकील कैलाशभाऊ म्हणतात, आरोप ठेवायच्या वेळी कोर्ट आपला बचाव बघत नाही. दोषमुक्तीचा अर्ज चार ओळींचा करा आणि गप्प बसा. गप्प बसायला वकील कशाला हवा? त्यांना सुट्टी दिली.

सेबीकडे नोंदणी नसताना फी घेऊन शेअरचे सल्ले दिले, एवढाच आळ. खटला उभाच राहणार नाही. दामिनी मोहाडीला माहेरी आहे. नाव साफ झाल्याशिवाय तुमसरच्या घरात पाय ठेवणार नाही म्हणाली. म्हणजे फार तर पंधरवड्याचा प्रश्न.

५ डिसेंबर
अर्ज सुरू. पहिलं वाक्य फर्मास जमलं. दुसऱ्यासाठी चहा लागला. टपरीवर गेलो तर राइस मिलवाले अर्धे कप टाकून उठले. हंगाम आहे, घाईत असतील. संकल्प: यापुढे चहा घरीच.

९ डिसेंबर
मोहाडीच्या बाजारात गेलो. माझ्या चांगल्या वागणुकीबद्दल चार लोकांच्या सह्या हव्या होत्या. कापडवाला सुगत, माझा सर्वांत जुना क्लायंट, गल्ल्यावरून उठलाही नाही. "केस म्या नाही टाकली, हाच उपकार समजा भाऊ. सही कायले मांगून राहिले?" भावनेच्या भरात बोलला.

सासरच्या गल्लीतून दोनदा गेलो. दार लोटलेलं. दामिनी कामात असेल.

१२ डिसेंबर, संध्याकाळ
सह्यांची गरजच नाही. आमच्या गणेश मंडळानं शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला होता, त्याचा फोटो सापडला. मागे मोठा फ्लेक्स: 'सुप्रसिद्ध शेअर सल्लागार मा. घनश्यामभाऊ'. जोडला अर्जाला. खाली लिहिलं, अर्जदाराची प्रतिष्ठा एवढी की गावोगावचे लोक आनंदाने फी देऊन सल्ला घेत. यावर सरकारी वकील काय बोलणार?

दामिनीला वाचून दाखवावंसं वाटलं. भात आज पुन्हा दोघांचा झाला.

१९ डिसेंबर, मुंबई
सेबीच्या खटल्यांचं विशेष कोर्ट. सरकारी वकिलांनी माझा अर्ज मोठ्यानं वाचला. फोटोसुद्धा जजसाहेबांना दाखवला. ऊर भरून आला. मग म्हणाले, अर्जदारानंच सगळं सांगितलंय, मला वेगळं काही बोलायचं नाही.

अर्ज फेटाळला. आरोप निश्चित. गुन्हा कबूल आहे का, विचारलं. नाही म्हणालो, पण कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगावं लागलं.

बाहेर येऊन दामिनीला फोन. तारीख पडली असं सांगणार होतो. तिनं सरळ विचारलं, "सुटले का?"

नाही म्हणालो.

मग मी हायकोर्टाचं सुरू केलं. या आदेशाला आव्हान कसं द्यायचं, पहिला मुद्दा कोणता, दुसरा कोणता. ऐकतेय असं वाटलं. तिसऱ्या मुद्द्याला लांबून तिचा आवाज आला. आईला विचारत होती, भाजी कोणती करू. फोन चालूच ठेवून कधीच आत गेली होती.

फार एकटं वाटलं. फोन कट करवेना. उरलेले मुद्दे सांगून टाकले.