अंतराय

२ ऑगस्ट १९३४, गुरुवार

भुंग्या आज परत पळाला. दुपारी भरमा त्याला अकोळहून गळ्यात पंचा बांधून घेऊन आला. माळी आणि कुत्रा, दोघंही चिखलानं माखलेले. भरमा पायरीवर बसला. मग खाली बघत म्हणाला, "आक्का, आहाराच्या वक्ताला गेलतं ते. लोकांच्या पायातनं घुसलं आन् जाऊन महाराजांच्या पायाला बिलगलं."

म्हणजे अंतराय. मुनी आहार घेताना कुत्रं शिवलं की त्यांनी घास तिथंच सोडायचा. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. दिवसातून एकदाच तर घेतात.

"किती घास झाले होते?" मी विचारलं.

"दोन."

मी संध्याकाळी जेवले नाही. त्यानं काय होणार!

३ ऑगस्ट

'महाराज' लिहायचं. हात 'हे' लिहायला जातो. अठ्ठावीस वर्षं 'हे'च होते. तंबाखूच्या वखारीतून आले की आधी भुंग्याला हाक, मग मला.

माघात बेळगावला कॅम्पातल्या डॉक्टरनं यांच्या पोटातली गाठ सांगितली. हे कापायला नको म्हणाले. चैत्रात स्तवनिधीला मुनिदीक्षा घेतली. आता चातुर्मास इथून जवळच, अकोळला. आचार्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुमची संमती आहे?" मी म्हणाले, आहे. आवाज कापला नाही. बायका माझ्या पाया पडल्या. इथं खरं लिहिते — नव्हती.

भुंग्याला तर कुणी विचारलंच नाही.

६ ऑगस्ट

बागेच्या कुंपणात भरमानं बाभळीच्या काट्या भरल्या. पेरूकडची भगदाडं बुजवली. भुंग्या शेपटी हलवत त्याच्या मागं मागं फिरत होता, जणू काम त्याचंच.

९ ऑगस्ट

गेला. कुंपणाखालून. पावसानं माती मऊ झालीय, लिंबाच्या बुडाशी वीतभर उकरून अंग चोरून गेला. पाठीचे केस काट्यांना अडकलेले.

आज पहिलाच घास होता म्हणे.

वर्धमान अकोळहून तणतणत आला. एवढा शांत मुलगा, पण आज त्याचा आवाज चढला. "आई, आण्णांचं — महाराजांचं अंग बघितलंस का? हाडं दिसाय लागलीत. तू ह्याला साखळी घाल. न्हायतर मी कणकुंबीच्या रानात सोडून येतो."

"रानात वाघरू खाईल त्याला," मी म्हणाले.

"आन् इथं हा कुणाला उपाशी मारतोय?"

साखळी घातली.

१० ऑगस्ट

मानेला रक्त आलं. रात्रभर ओढत होता. साखळी काढली. वर्धमान बघत होता.

१४ ऑगस्ट, मंगळवार

चार दिवस वर्धमान आणि भरमा खपतायत. कुंपणाच्या आतून हातभर खोल चर खणला, त्यात दगड भरले. आता उकरलं तरी दगड लागेल. फाटकं दोन केली. बाहेरचं उघडायच्या आधी आतलं लावायचं. कडब्याची गंजी कुंपणापासून लांब हलवली, तिच्यावर चढून उडी मारायचा.

दार बंद करताना त्याच्याकडे बघवत नाही.

२० ऑगस्ट

एक कळलं. हा दिवसभर बरा असतो. दहाच्या सुमाराला वेडा होतो. फाटकाशी धावतो, दगड उकरतो, नखं फुटलीत. दहा ही यांची घरात असतानाची जेवायची वेळ. भाकरीची पहिली कोर भुंग्याची, मग स्वतःचा घास. चार वर्षांत एक दिवस चुकला नाही. तो आपली कोर मागायला जात होता. त्याला काय ठाऊक अंतराय!

उद्यापासून माझं ताट बागेत.

२१ ऑगस्ट

पेरूखाली बसले. पहिली कोर त्याला दिली. वास घेतला, खाल्ली नाही. फाटकाकडे बघत राहिला. मलाही घास गिळवेना.

२४ ऑगस्ट

खाल्ली. मग माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला.

२८ ऑगस्ट, मंगळवार

वर्धमाननं आग्रहानं दर्शनाला नेलं. चैत्रानंतर पहिल्यांदा. ओळखू येईनात. गाल आत गेलेले, पोट पाठीला लागलेलं. सगळ्यांना दिला तोच आशीर्वाद मला. नजर खाली.

मी उठताना महाराज म्हणाले, "मुक्या जिवाला बांधलंय का?"

"नाही महाराज. बागेत मोकळा आहे. बाहेर तेवढा येत नाही."

मान हलवली. पाच महिन्यांत आमचं बोलणं झालं ते एवढंच. माझ्याविषयी काही विचारलं नाही. विचारू नयेच. तरी बैलगाडीत अकोळ ते निपाणी मी पदर तोंडाशी धरून बसले होते. वर्धमान बैलांशीच बोलत होता.

५ सप्टेंबर

सत्तावीस दिवस झाले, भुंग्या बाहेर गेला नाही. भरमा म्हणतो, "जिंकलो बगा आक्का." मी हो म्हणाले.

१० सप्टेंबर, सोमवार

वर्धमान दारातूनच म्हणाला, "आई, बस." मी उभीच राहिले.

गाठ वाढलीय. आठ दिवस घास उतरत नव्हता. काल महाराजांनी सल्लेखना घेतली. अन्न कायमचं सोडलं. आता थोडं पाणी, मग तेही नाही.

"माझ्या कुत्र्यामुळं?" मी विचारलं.

"न्हाय गं आई. गाठीमुळं." मग माझ्याजवळ आला, लहानपणी यायचा तसा. "तिथं रडायचं न्हाय म्हणून सांगितलंय. मी इथं रडू का?"

रड म्हणाले.

१२ सप्टेंबर

आहारच उरला नाही, आता अंतराय कशात येणार. सकाळी दोन्ही फाटकं उघडली. भुंग्याला म्हणाले, जा. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मग मीच रस्त्याला लागले, आणि तो माझ्या पुढं पळाला. अकोळात कुणी आम्हाला अडवलं नाही.