दिव्यावर चिकटवलेला बालाजी

बाबा, आज तुमच्याशीच बोलते, कारण या घरात कोणाशी बोलावं असं वाटेनासं झालंय. मला किळस आली आहे. शब्द कडक आहे, पण दुसरा सापडत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या आयुधपूजेपासून सांगते. आमच्या कॉलनीत त्या दिवशी सगळ्या गाड्या फाटकापाशी ओळीने लावतात. बांबूला केळीचे खांब खिळ्यांनी ठोकून कमान करतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, आणि कुंकू भरलेला कोहळा गाडीवरून ओवाळून रस्त्यावर फोडतात. मग सगळे सुंडल, ती हरभऱ्याची उसळ, खायला वर. कोहळा तिथेच पडलेला. दुसऱ्या दिवशी त्यावर माशा, नंतर नाक धरून जावं असा वास, आणि घाईत ओढून काढलेल्या कमानीचे खिळे त्याच लगद्यात. मी सेक्रेटरींना म्हटलं, तर ते हसून म्हणाले, "मामी, पूजेचं आहे, त्याला झाडू लावायचा नसतो." मी म्हटलं, "मग घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवा." तेव्हापासून ते मला जिन्यात ओळख दाखवत नाहीत.

तुमच्या कारखान्यातली पूजा मला आठवते. मी लहान आहे, नवा परकर घातलाय, आणि तुम्ही रॉकेलच्या फडक्याने एकेक हत्यार पुसताय. फरशी आधी धुतलेली, फुलं नंतर. मी कौतुकाने हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याच्या काचेवर कुंकवाचा मोठा टिळा लावला आणि तुम्ही सगळ्यांसमोर खेकसलात, "काचेवर नको! शेजारी लाव. काटा झाकलास तर वाचायचं काय?" मी रडले. तुम्ही काच पुसलीत, आणि मगच नमस्कार केलात.

तर, मुलाची गाडी. त्याच्या पेरुंगुडीच्या ऑफिसातला एक परदेशी साहेब मायदेशी परतताना विकून गेला, ती. तिच्यात समोर घोड्याच्या नालेसारखा एक पिवळा दिवा आहे. टायरमधली हवा कमी झाली की लागतो. पूजेनंतर तो लागला. मुलाने हवा भरली, दिवा गेला. चार दिवसांनी पुन्हा लागला. पुन्हा भरली, पुन्हा गेला, पुन्हा आला. गॅरेजवाल्याने बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, सेन्सर बिघडलाय, बाहेरून मागवावा लागेल. मुलाला तेच ऐकायचं होतं. मी म्हटलं, "अरे, औषध दिल्यावर ताप उतरतो, म्हणजे ताप खरा आहे. थर्मामीटर कशाला बदलतोस?" तो म्हणाला, "आई, तुला गाडीतलं काय कळतं?" आणि हे, रिटायर झालेले, पेपर वाचत म्हणाले, "अगं, त्याला करू दे त्याचं."

सूनबाईला सातवा महिना. शनिवारी तिला तंजावरला माहेरी पोचवायचं होतं, दिवसभराचा रस्ता, आणि तो हायवेवर कसा पळवतो ते मला ठाऊक आहे. शुक्रवारी पूजेची फुलं घेऊन खाली गेले तर त्या दिव्यावर बालाजीचा स्टिकर! ह्यांनी आणलेला, मुलाने चिकटवलेला. "सारखा डोळ्यात खुपायचा गं," म्हणे. "आता कसा देव समोर आहे," हे म्हणाले. दोघंही खूष.

बाबा, ज्याच्यासाठी मी शनिवार धरते, त्याला ह्यांनी फडक्यासारखा वापरला, डाग झाकायला.

मी वर आले, भांड्यांचा साबण पाण्यात फेसला, ह्यांचा दाढीचा ब्रश घेतला आणि खाली जाऊन चारही टायरांना फासला, तुम्ही सायकलच्या ट्यूबला करायचात तसा. वॉचमन बघत राहिला. मागच्या डाव्या चाकाला बुडबुडे आले, बारीक, थांबेचनात. मुलाला हाक मारली, सूनबाईही खाली आली, आणि गाडी नाक्यावर नेली. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने पक्कड घालून ओढलं आणि माझ्यापुढे धरलं, "आणी, अम्मा," त्याच्या तमिळमध्ये खिळा. गंजका खिळा, डोक्याला केळीचा वाळलेला धागा. कमानीतला. पूजेतलाच.

त्याने भोकात चिकट दोरी भरली, गाडीच्या दाराच्या कडेला लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरली. थोडं अंतर चालवल्यावर सूनबाईने मागून वाकून नखाने तो स्टिकर सोलला. खाली काळोख. दिवा विझलेला. ती म्हणाली, "आई, आता दिवा उघडा ठेवूनच जाऊ या."

घरी आलो तर हे हात जोडून उभे. "बघितलंस? बालाजीनेच वाचवलं. मी स्टिकर आणला नसता तर तू साबण घेऊन खाली गेली असतीस का?" मुलगा हसला. मी ताटं वाढली, पण ह्यांच्या ताटाकडे बघवेना.

दोघं सुखरूप पोचली, फोन आला. तुम्ही या जगात नाही, हे पत्र मी कुठे टाकणार? पण तुमच्यापासून लपवत नाही. हे म्हणाले ते खरं आहे. मुलाने त्या दिव्यावर साधी काळी पट्टी चिकटवली असती, तर मी चार शब्द बोलून गप्प बसले असते आणि शनिवारी सूनबाईच्या हातावर दही घालून तिला त्याच चाकावर पाठवलं असतं. मी साबण घेऊन खाली गेले ती देवाचा अपमान झाला म्हणून. तिच्या पोटातलं बाळ मला जिना उतरल्यावर आठवलं.