आई, गोळ्या फेक म्हणू नकोस

प्रिय आई,

तुला आणि बाबांना इथूनच नमस्कार. मी बरी आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

मागच्या सोमवारी शिवणकामाच्या कारखान्यात कापडाचा तागा उचलला आणि पाठीत कट्कन आवाज झाला. एक मणका चेपलाय. ल्युपसच्या आजारासाठी सात वर्षं घेतलेल्या स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ झालीत, त्यात उन्हानं चट्टे उठतात म्हणून मी ऊन टाळते, तर हाडांना लागणारं ड जीवनसत्त्वही मिळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय चौतीस, हाडं सत्तरीची."

मी घाबरून चार दिवस गोळ्याच घेतल्या नाहीत. पाचव्या दिवशी चक्कर येऊन जिन्यातच बसले. डॉक्टरीणबाई केवढ्या ओरडल्या! "एकदम सोडल्या तर जिवावर बेतेल. मी हळूहळू कमी करते, हाडांचं औषध वेगळं देते."

आता पट्टा बांधून बसल्या जागी बटणं लावते. मालकीणबाई काही उचलू देत नाहीत. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा फिरायला जातात ना?

एकच मागणं आहे. फोनवर "फेकून दे त्या गोळ्या" असं पुन्हा म्हणू नकोस गं. बाकी कुणाचं ऐकेन न ऐकेन, तुझं मी लगेच ऐकते. ते चार दिवसही तुझंच ऐकलं होतं.

तुझीच,
धाकटी