सत्तेचाळीस इंच

प्रिय धाकट्या,

आईच्या आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलंस आणि माझ्याकडून एक पान मागितलंस. मथळाही तूच देऊन मोकळा झालास, ‘वत्सल आई, प्रेमळ आजी’. मथळ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण छापता येणार नाही असं एक पान माझ्याकडे आहे, ते तुला एकट्याला पाठवते आहे.

आईचं दुकान आठवतं ना? जिन्याखालची खोली, दोन शिलाई मशीन आणि शाळेच्या गणवेशांचा ढीग. तुझं सगळं शिक्षण त्या खोलीतून निघालं. तुझी ठकी जन्मली, तुम्ही दोघं नोकरीवर, म्हणून आईने चालतं दुकान बंद केलं आणि तीन वर्षं तुझ्याकडे राहिली. ठकी शाळेत जायला लागली तशी आईची रवानगी माझ्याकडे झाली. गरज सरो, वैद्य मरो. तिने कधी ब्र काढला नाही. उलट मलाच दटावायची, त्याला त्याचा संसार आहे, तू त्याच्यामागे लागू नकोस.

तेव्हापासून दर वाढदिवसाला ती ठकीला फ्रॉक शिवून पाठवायची. त्यासाठी तू मापं कळवायचास, उंची, छाती, कंबर, बाही. फोटो नाही, पत्र नाही, नुसते चार आकडे. आकडे आले की आई टेप घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी जायची, उंची मोजायची आणि चौकटीवर कात्रीच्या टोकाने खाच पाडायची. मग त्या खाचेवर तळहात ठेवून उभी राहायची. शेजारचे मास्तर म्हणायचे, अहो, नातीला एकदा आत तरी बोलवा, किती वर्षं दारातच उभी आहे बिचारी.

शेवटची दोन वर्षं आईला दिसत नव्हतं. हे तुला सांगायची मला बंदी होती. कळलं तर तो फ्रॉक नको म्हणेल आणि मापं थांबतील, ही तिची धास्ती. ती चाचपून कापड बेतायची, शिवायचे मी. शोकसभेत तो शेवटचा फ्रॉक उंच धरून तू म्हणालास, या वयातही आईची टीप बघा कशी सरळ, नाहीतर आमची ताई, तिला धड बटण लावता येत नाही. लोक हसले. मीही हसले.

त्या फ्रॉकची घडीही मोडलेली नव्हती. ती का, ते मला ठाऊक आहे, ठकीला तो आखूडच होणार होता. या वर्षी तू मापं घेतलीच नाहीस, मागचेच आकडे पुन्हा पाठवलेस. मी वाचून दाखवले, टेपवर तेवढ्या इंचांशी तिची चिमूट धरून दिली, आईने टेप लावला आणि तिचं बोट जुन्याच खाचेत गेलं. सत्तेचाळीस इंच. तिने तीनदा मोजलं. मग विचारलं, पोर वर्षभरात वाढली कशी नाही? मी म्हटलं, धाकट्याने आळस केला असेल. तर माझ्यावरच उखडली. शिवणकाम करणारीचा मुलगा मापात कुचराई करणार नाही म्हणे. ठकी आजारी आहे आणि तू लपवतोस, हेच ती धरून बसली. मी तुला फोन केला, पुन्हा मोज म्हटलं. सगळं ठीक आहे, रविवारी मोजतो, म्हणालास. असे सोळा रविवार गेले. आणि स्वतःचे डोळे तुझ्यापासून लपवणाऱ्या बाईला तुझं ‘ठीक आहे’ कसं पटावं? तिचं अन्नावरचं मनच उडालं.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात तिने विचारलं, नवीन माप आलं का? मी हो म्हटलं. पन्नास इंच, मी म्हणाले. तिने खाटेबाहेर हात काढला, अंदाजाने तेवढ्या उंचीवर धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्यानंतर ती बोलली नाही. तुझ्या पुस्तकासाठी मी काही लिहिणार नाही. ठकीला चपला काढून भिंतीला टेकून उभी कर, स्वतःच्या हाताने मोज आणि आकडा मला कळव. मी आईशी किती इंच खोटं बोलले, एवढं तरी मला कळू दे.

कितीही राग आला तरी तुझीच,
ताई