हनीफने भरलेल्या फटी

३ फेब्रुवारी १९६४, देरा, अरबी आखात

"कोकणातून आलेल्या सुतारांनो, लाकूड ओलं आहे, वाळलं की फाटेल, हे आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी आपण खिळे ठोकतोय!" — दुपारी खाडीकाठी, अर्ध्या बांधलेल्या गलबतासमोर बोललो. रंधे थांबले. अरब मालक सावलीत चहा पीत होता. म्हणाला, "खैरुद्दीन, भाषण खलास? यल्ला, काम करो." माणसं हसली.

२ मार्च

हनीफ — माझ्या धाकट्या बहिणीचा, बिलकीसचा नवरा — फळ्यांमधल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकतो. इथे काय, गावी जयगडला काय, रीत एकच : ज्याने फटी भरल्या त्याने पहिल्या फेरीला गलबतावर जायचं. बाबाही एकतीस साली असेच गेले. परतले नाहीत. गलबत ज्याचं होतं त्या व्यापाऱ्याने गावभर सांगितलं, फटी कच्च्या होत्या. लाकूड ओलं होतं, असं आई मरेपर्यंत सांगत राहिली. कोणी ऐकलं? विहिरीवर बायका तिच्याशी बोलत नसत.

९ मार्च

पुन्हा बोललो. या वेळी रीतच धरली. फटी भरणारा एकटाच का? लाकूड ज्याने आणलं तो का नाही? मालक चढल्याशिवाय गलबत पाण्यात ओढू नका! रफिकभाई आमच्यात वयाने मोठे; त्यांनीही मान डोलावली. वाटलं, जिंकलो.

हनीफ कापूस वळत होता. वर न बघता म्हणाला, "भाई, मी नाही गेलो तर माझ्याच कामावर माझा भरवसा नाही, असं होईल." मग हसून — "तुमच्या भाषणाने फट भरली असती, तर एवढा कापूस कशाला लागला असता?"

सगळे हसले. हसता हसताच दोर उचलले गेले. मीही ओढला.

१० मार्च

गलबत गेलं. हातोडी कमरेला खोचून हनीफ कडेला वाकला होता. आमच्याकडे नाही, फटींकडे बघत होता.

१८ मार्च

काही बातमी नाही.

१९ मार्च

रास अल खैमापुढे बुडालं. दोन खलाशी दुसऱ्या गलबताने उचलले. हनीफ नाही.

मालक म्हणतो, फटी कच्च्या होत्या. तेच शब्द! मी बोलायला उभा राहिलो आणि परत रंधाच उचलला. मालक निघून गेला.

बिलकीसला काय कळवू? तीही त्याच विहिरीवर पाणी भरते.

२० मार्च

जेवलो नाही.

२७ मार्च

रफिकभाईंनी अजमानच्या किनाऱ्याला वाहत आलेलं त्या गलबताचं लाकूड आणलं. दोन फळ्या, अजून एकमेकींना धरून. मधला कापूस मी नखाने उचकटून पाहिला — हलेना. फाटली आहे ती फट नव्हे, फळी. उभी, मधोमध.

त्याच लाकडाचं दुसरं गलबत काठावर तयार आहे. उद्या मोठं भाषण नाही. ही फळी समोर ठेवून एवढंच म्हणेन — भावांनो, मालक आधी चढू दे. तोवर दोराला हात लावू नका.