दोनदा नाही, म्हणजे जवळजवळ हो

प्रिय आर्डिस मावशीस,

नॉर्डालहून सिग्नेचा प्रेमाचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आराम पडला असेल आणि अ‍ॅरिझोनातलं ऊन अजून माणसात असेल, अशी आशा करते. इथे आम्ही सगळे ठीक आहोत. (आमच्या मिनेसोटात ‘ठीक’ या शब्दात बाळंतपणापासून घर जळण्यापर्यंत काहीही मावतं, हे तू विसरली नसशील. या वेळी मात्र माझा आनंद त्यात मावेना, म्हणून एवढ्या सकाळी, चहा गार होऊ देऊन, लिहायला बसले आहे.)

आधी वाईट बातमी सांगून टाकते, कारण ती आता जुनी झाली. आपला जॅमचा कारखाना या मोसमानंतर बंद होणार होता. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू काळजी केली असतीस, आणि तू काळजी करतेस याची मग मला काळजी. झालं असं की, आपला बहुतेक माल घेणाऱ्या शहरातल्या दुकानांनी हिवाळ्यात एका ओळीचा निरोप पाठवून हात वर केले. आणि गावात कोण घेणार रूबार्बचा जॅम? इथे जूनमध्ये रूबार्ब विकत घेणं म्हणजे हवा विकत घेण्यासारखं. कोणीतरी आपल्या दारात त्या आंबट लाल देठांची जुडी ठेवून पळून जातं, आणि आपण ती उचलून शेजारच्यांच्या दारात ठेवून पळतो. ड्वेनदादाने तर जुन्या डेअरीची ती इमारत, जिथे आईने पहिलं पातेलं चढवलं, हिवाळ्यात बोटी ठेवायला द्यायची असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. पातेल्यांपाशी काम करणाऱ्या बायकांना आम्ही काही बोललो नव्हतो. पण एका संध्याकाळी त्यांच्यातल्या फर्नने आपलं लाकडी उलथनं पुसून पिशवीत घातलं आणि घरी नेलं. मी गाडीत बसून थोडी रडले, मग किराणा आणायला गेले.

अशात कार्ला पेत्रोनी नावाची बाई आली. राज्याच्या शेती खात्यात तिची नोकरीच ही, की आपल्यासारख्या लहान लहान लोकांना धरून त्यांचा माल परदेशी विकायला शिकवायचं. मूळची न्यू जर्सीची. तिने उभ्याउभ्या अर्धी बरणी संपवली, चमचा चाटला आणि विचारलं की, एवढी चांगली वस्तू तुम्ही लपवून का ठेवली आहे? दादा इतका लाजला की सरळ गोदामात निघून गेला. पुढचे कित्येक दिवस ती त्याला एकच वाक्य शिकवत होती: आमचा जॅम उत्तम आहे. बिचारा कान लाल करून, जमिनीकडे बघत, ‘वाईट नाही’ इथपर्यंत पोचायचा आणि अडायचा. कार्ला म्हणाली, हा माणूस जॅमबद्दल असा बोलतो, जसा पोलिसांपुढे गुन्हा कबूल करतोय. (मीही काही फार पुढे गेले नाही. मी ‘बऱ्यापैकी’ म्हणायला शिकले.)

मग तो दिवस उगवला. मिनियापोलिसच्या एका हॉटेलात देशोदेशीचे खरेदीदार येऊन बसणार, आणि आपण बरण्या घेऊन एकेका टेबलाशी जायचं, असा तो मेळावा. दादाने बाबांचा कोट घातला होता. आमच्या वाट्याला आल्या ग्रासिएला उरुतिया, मेक्सिकोतल्या मोंतेरेच्या. त्यांची मिठाईची आणि मुरंब्यांची दुकानं आहेत, एकदोन नव्हे, शहरभर. त्यांनी चमचाभर जॅम जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मग पर्समधून तिखटमिठाची एवढीशी बाटली काढून जॅमवर भुरभुरली, पुन्हा खाल्लं आणि चमचा आमच्याकडे केला. मावशी, काय सांगू तुला! आधी आंबट, मग गोड, मग कानामागे जाळ. चाळीस वर्षं मी हा जॅम खाते आहे आणि तो कोणाची तरी वाट बघत होता हे मला ठाऊक नव्हतं. दादाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिखटाने, असं तो म्हणतो.

बाई म्हणाल्या, मला हा हवा आहे, पहिल्या खेपेला अर्धा ट्रक. आणि आपला दादा, जन्मभराच्या सवयीने, म्हणाला, अहो, कशाला उगाच त्रास, तुमच्याकडे याहून चांगले असतीलच की. त्या म्हणाल्या, नाहीत, मला हाच हवा आहे. दादा म्हणाला, लांब पडेल हो तुम्हाला, राहू द्या. आणि मी काय केलं असेल? मी मान डोलावली आणि वाटेत बरण्या फुटतील अशी पुस्ती जोडली. बाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, बरणीचं झाकण हळूच लावलं, आमचे हात हातात घेऊन आभार मानले आणि पलीकडच्या सॉसेजवाल्याकडे गेल्या.

आम्ही इतके खूश, की परतताना रस्त्यात थांबून अ‍ॅपल पाय खाल्ला. दोनदा विचारलं त्यांनी! आता तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं. आपल्याकडे पहिल्यांदा कॉफी विचारली की नको, दुसऱ्यांदा विचारली की अहो खरंच नको, तिसऱ्यांदा विचारली की बरं, अगदी अर्धा कप. यात चुकण्यासारखं काही असू शकतं हे आमच्या स्वप्नातही आलं नाही. घरी पोचतो तो कार्लाचा फोन. तिचा आवाज भलताच शांत होता. म्हणाली, ग्रासिएलाबाईंनी कळवलंय की ही भावंडं फार गोड आहेत, पण त्यांना जॅम विकायचा नाही.

दादा खुर्चीवर बसला आणि बराच वेळ त्याने टोपी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी खरेदीदारांची बस आसपासची शेतं, कारखाने बघत फिरणार होती आणि दुपारचं जेवण शेजारच्या गावातल्या चर्चच्या तळघरात होतं. आम्ही गाडी हाणत तिथे गेलो. (जॅमची पेटी माझ्या मांडीवर. दादाला ती मागे ठेवणं धोक्याचं वाटत होतं.) बाई रांगेत होत्या, बशीत बटाट्याचा गरम रस्सा आणि लाल जेली. त्या बसल्यावर दादा त्यांच्यासमोर जाऊन बसला आणि पावसाबद्दल बोलला. मग सोयाबीनबद्दल. मग पावसाने सोयाबीनचं काय होतं त्याबद्दल. बाई अगदी अदबीने ऐकत होत्या. मी त्याला टेबलाखालून ढोसत होते. बाहेर बसवाल्याने हॉर्न दिला, बाई पर्स उचलून उठल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

“घ्या हो आमचा जॅम. आम्हाला विकायचाय. फार विकायचाय.”

सगळ्या तळघरात काटेचमचे थांबले. भर प्रार्थनेत शिट्टी मारल्यासारखं मला झालं. बाई पुन्हा खाली बसल्या.

“मग काल दोनदा नाही का म्हणालात?”

“दोनदाच म्हणालो,” दादा म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता. “दोनदा नाही, म्हणजे जवळजवळ हो.”

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. वाढणाऱ्या बायका, पाद्री, भांडी विसळणारे आजोबा, सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मग त्या जे बोलल्या ते मी अजून मनात घोळवते आहे. म्हणाल्या, “मी एकदाच विचारते, भाऊ. समोरचा खरं बोलतोय असं धरून चालते. तुम्हाला दुसऱ्यांदा विचारलं, तेच माझ्यासाठी फार झालं. आता सांगा, देणार?”

मावशी, त्या क्षणी दादाचा चेहरा तू पाहायला हवा होतास.

“हो,” तो म्हणाला. आणि श्वास घेऊन, “तुम्हाला अडचण होणार नसेल तर.”

मी त्याच्या बुटावर पाय दिला. पण बाई तोवर हसत होत्या, हात पुढे आला होता, आणि कोपऱ्यात कार्ला कागदी रुमालाने डोळे पुसत होती. (ती म्हणते कांदा होता. त्या सबंध जेवणात कांदा नव्हता.)

तर अर्धा ट्रक ठरला आहे, मावशी! कारखाना चालणार. बोटीवाल्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याला नाही म्हणूनही टाकलं. सध्या लेबलावरून गंमत चालली आहे. मेक्सिकोत फार साखर असेल तर बरणीवर तसा काळा शिक्का छापावा लागतो. मला वाटलं दादा चिडेल. पण आपल्या मालाची आपणच बरणीवर निंदा छापायची, हे वाचून तो प्रथमच खुलला. म्हणाला, हे लेबल कसं नीट वाटतंय.

मी मात्र रोज त्या वाक्याशी येऊन थांबते. पुन्हा पुन्हा विचारणं ही आमची माया, असं मी समजत होते. नाही म्हटल्यावरही कोणी आपल्याकडे वळतं, तेव्हाच आपण हवे आहोत हे आपल्याला कळतं. पण समोरच्याचं पहिलंच उत्तर खरं मानणं हीही मायाच की. आणि आपण लोकांना ती करू देत नाही. असो. पातेली चढली आहेत, फर्न हाक मारते आहे.

तुझी लाडकी (असं मी धरून चालते),
सिग्ने

ता. क. ग्रासिएलाबाईंनी ऑक्टोबरमध्ये मोंतेरेला बोलावलं आहे, पुढच्या मालाचं ठरवायला. दादा येणार नाही. तो म्हणतो त्याला आधीच एकदा हो म्हणायला लावलं आहे, आता या वर्षी पुरे.

ता. क. २. मी एकटी गेले तर त्या टेबलाशी पुन्हा काय होईल ते तुलाही ठाऊक आहे. आपल्या घरात समोरचं हवं असेल तर लगेच हात पुढे करणारी तूच एकटी. बशीतला शेवटचा तुकडा आम्ही अर्धा, मग त्याचा अर्धा करत सोडतो, आणि आजोबांच्या वाढदिवसाला तू तो अख्खा उचलून खाल्लास. आई त्यावर वर्षानुवर्षं बोलायची. टीकाच करायची, पण किती आवडीने! तुझं स्पॅनिशही चांगलं आहे. माझ्याबरोबर चलशील का?

ता. क. ३. अर्थात गुडघा आहे, प्रवास आहे, ऊन आहे. तुला जमणार नसेल तर अजिबात मनावर घेऊ नकोस, माझं कसंही चालेल.

ता. क. ४. तिसरा ता. क. खोडणार होते, पण पेनाने लिहिला आहे आणि कागद छान आहे. तो खरा मानू नकोस. माझं चालणार नाही. ये.